नावांच्या कोड्यांची वही

आमच्या अन्वरला लहानपणी हजारभर थोरामोठ्यांची नावं तोंडपाठ होती, असं लातुरात आज कुणालाही विचारा, सांगतील. त्याच्या क्लासच्या भिंतीवर तसं लिहूनच ठेवलंय, त्यामुळं सांगणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. कसली नावं अन् कसली पाठ! त्याला आमच्या सख्ख्या आजोबांचं नाव आठवायला तीनदा डोकं खाजवावं लागायचं. हे मला माहीत, कारण मी त्याची थोरली बहीण, शमीम. थोरली म्हणजे दीड वर्षानं. पण शाळेत आम्ही एकाच वर्गात होतो, कारण मला शाळेत घालायचं राहिलंय हे अब्बांच्या ध्यानात आलं ते अन्वरला घालायची वेळ आली तेव्हा. मग दोघांना एकाच दिवशी, एकाच सायकलवर बसवून नेलं, तो पुढं दांडीवर आणि मी मागं कॅरिअरवर. हे मी रागानं लिहितेय असं कुणाला वाटलं तर बरोबर वाटतंय. पन्नाशी आली, केस पिकले, राग तेवढा काळाचा काळा राहिला.

आमचं घर नांदेडात, इतवाऱ्यात. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, मध्ये एक न्हाणीएवढं अंगण. अब्बा जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. त्यांचे अब्बाही तेच, आणि त्यांच्याही आधीचे निजामाच्या कचेऱ्यांची दफ्तरं बांधायचे असं ऐकलंय. दिवस उजाडला की दुकानातून हातोडीचा आवाज सुरू व्हायचा, पुस्तकाची पाठ गोल करायला हलक्या हातानं ठोकतात तो. त्याच्यामागं शिकंज्याचं कुरकुरणं. शिकंजा म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र, त्याचं चाक फिरवायला मला लोंबकळावं लागायचं. आणि घरभर खळीचा वास. मैद्याची खळ अम्मी चुलीवरच शिजवायची आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची. मोरचूद विषारी. खळीचं पातेलं आणि खट्ट्या दालीचं पातेलं अगदी जुळी भावंडं, म्हणून खळीच्या पातेल्याच्या कानाला अम्मीनं हिरवी दोरी बांधली होती, आणि पाहुणा आला की त्याला पाण्याआधी ती दोरी दाखवायची. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी. लिहिता-वाचताना माझी मराठीच पक्की झाली, म्हणून इथं सगळ्यांचं बोलणं मराठीतच देतेय. अम्मीचं एखादं वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवावं लागेल. ते मराठीत आणलं तर त्याची धार जाईल.

अब्बांकडं गावातल्या वाचनालयांची पुस्तकं यायची, फाटून लक्तरं झालेली. जितकं पुस्तक लोकांच्या आवडीचं तितकी त्याची दशा वाईट. ते आधी सोडवायचं, सोळा-सोळा पानांचे जुज वेगळे करायचे, फाटक्या घडीला पट्टी लावायची आणि मग एकेक जुज दोऱ्यानं शिवत जायचं. याला जुजबंदी म्हणतात. हे शिवायचं काम दहाव्या वर्षापासून माझं. अन्वरला सुई टोचायची. मला टोचायची नाही असं नाही, पण मला विचारलं कुणी? तर शिवता शिवता मी वाचायचे. पुस्तक नव्हे, जुज. हातात जो आला तो. एखाद्या राणीच्या चरित्रातली पासष्ट ते ऐंशी ही पानं मी वाचलेली असायची, ती घोड्यावरून नदीत उतरलीय आणि मागं शत्रू आहे, एवढं मला माहीत. ती पैलतीरी पोचली का ते पुढच्या जुजात, आणि तो शिवून अब्बांकडं गेलेला. सिनेमाच्या मासिकांचे वर्षावर्षाचे गठ्ठे बांधायला यायचे, त्यातून नट-नट्या कळल्या. बखरी आल्या, कवींची चरित्रं आली, नाटकवाल्यांच्या आठवणी आल्या. माझ्या डोक्यात शेकडो माणसं अशी अर्ध्यात उभी होती, कुणाचा जन्म ठाऊक नाही, कुणाचं मरण ठाऊक नाही. नावं मात्र पक्की. नाव तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं असतं.

अब्बा आठवड्यातून एकच पेपर विकत घ्यायचे, रविवारचा. एका वर्षी त्या पेपरानं नावांचं कोडं सुरू केलं. उभ्या-आडव्या चौकोनांचं नेहमीचंच, पण उत्तरं सगळी माणसांची नावं. सिनेमा-नाटक, साहित्य आणि इतिहास, या तिन्हीतली. ‘दिल्लीची राजधानी आपल्या मुलखात आणून पुन्हा परत नेणारा सुलतान.’ ‘पुरुष असून लुगड्यात महाराष्ट्राला वेड लावणारा गायक नट.’ ‘जात्यावर दळता दळता कविता रचणारी.’ उत्तरं मी इथं देणार नाही, ज्याचं त्यानं शोधावं, मला कुणी दिली होती? रविवारी दुपारी तहारी खाऊन अब्बा आडवे व्हायचे आणि मी उंबऱ्यात बसून कोडं मोठ्यानं वाचायचे. अब्बांना दोन-तीन यायची, तीही बादशहांची. अन्वर पहिली पाच मिनिटं बसायचा, एखादं भलतंच नाव ठोकून द्यायचा आणि पतंग घेऊन पसार. सुटेपर्यंत मी उठायची नाही. अडलं की जुने गठ्ठे उचकायचे. अम्मी म्हणायची, एवढं ध्यान भाकरीकडं दिलं तर भाकरी फुगतील. भाकरी माझ्या फुगायच्याच, पण ते कुणी पेपरात छापत नव्हतं.

मग पेपरात जाहीर झालं की ही स्पर्धा आहे. सगळ्या आठवड्यांची कोडी कापून, क्रमानं चिकटवून, सोडवून एका वहीत पाठवायची. लातूरचा एक मोठा क्लास बक्षीस देणार होता. त्या वर्षी दहावीला बसलेल्यातला जो विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी पहिली येईल तिला क्लासात दोन वर्षं फुकट जागा. ‘किंवा विद्यार्थिनी’ हे तिथं छापलेलं होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं की त्या ओळीवर माझ्या बोटाचा डाग पडला. तेव्हा लातूरचं नाव अख्ख्या मराठवाड्यात निघायला लागलं होतं. लोह्याची, भोकरची, उदगीरची पोरं ट्रंका घेऊन लातूरला जायची आणि दोन वर्षांनी डॉक्टर-इंजिनिअरच्या वाटेला लागायची. मला डॉक्टर व्हायचं होतं का? खरं सांगायचं तर मला एवढंच पाहिजे होतं की एखादं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणीतरी मला शिकवावं.

दहावीची परीक्षा झाली आणि मी वही तयार केली. एकही कोडं चुकलेलं नाही, एकही चौकोन रिकामा नाही, आणि अक्षर माझं, मोत्यासारखं नसलं तरी सरळ. अब्बांनी ती त्यांच्या हातानं बांधली. लाल रेक्झिन, चारी कोपऱ्यांना कापड, पाठ गोल. असं काम ते फक्त वकिलांच्या पुस्तकांना करायचे. शेवटी पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव उठवायचं होतं. त्यासाठी पितळी खिळे असतात, प्रत्येकावर एक उलटं अक्षर. ते लाकडी मुठीच्या साच्यात बसवायचे, साचा निखाऱ्यावर तापवायचा आणि सोनेरी वर्खावरून दाबायचा. अब्बांची नजर अधू व्हायला लागली होती, म्हणून खिळे निवडायचं काम माझं. मी माझ्या नावाचा पहिला खिळा उचलला. अब्बा वर न बघता म्हणाले, “अन्वरचं लाव.”

मला वाटलं दोघांचं म्हणतात. मी विचारलं, त्याचं आधी की माझं? अब्बांनी मग चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. जन्मात आमच्यावर हात उगारला नाही. ते म्हणाले, “तुझं लावलं अन् नंबर आला, तर तुला मी लातूरला पाठवणार हाय का? मग ती जागा कुणाच्या कामाची? घरातली गोष्ट घरात राहती.” अम्मी आतून म्हणाली की पोरीचं नाव पेपरात आलं तर उद्या सोयरीक घेऊन येणारे चार प्रश्न जास्तीचे विचारतील. अन्वर तिथंच होता, भिजवलेले शेंगदाणे खात होता. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही, आणि याचाच राग मला सगळ्यात जास्त आहे. मी माझा खिळा परत खणात टाकला आणि त्याच्या नावाची अक्षरं एकेक करून साच्यात बसवली, उलट्या क्रमानं, न चुकता. अब्बांनी दाबलं. सोनं चमकलं. आजवर कित्येक नावं उठवली असतील मी, इतकं सुबक एकही उठलं नाही.

पहिला नंबर आला. बक्षीस घ्यायला आम्ही तिघं लातूरला गेलो. मला नेलं ते अन्वरकडून वाटेत नावं घोकून घ्यायला. एसटी फलाटाला लागायच्या आत अब्बांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, आणि अन्वर नि मी त्या जागेवर लातूरपर्यंत घोकत गेलो. अब्बा उभे. क्लास चालवणाऱ्यांना सगळे ‘मोठे सर’ म्हणायचे. त्यांनी स्टेजवर वही उघडून अन्वरला चार नावं विचारली, चारही बरोबर आली, ती मी एसटीतच त्याच्या गळी उतरवली होती. मग त्यांनी विचारलं, एवढं वाचलंस कुठं? अन्वर म्हणाला, “अब्बांच्या दुकानात, सर. जुज शिवता शिवता. जे पान हाती येईल ते वाचायचं.” मी बायकांच्या रांगेत बसले होते. नाव घेतलं ते घेतलं, माझी दुपार कशाला घेतली रे? पुढं सरांनी एका जुन्या संगीत नटाबद्दल विचारलं, की शेवटी त्याचं काय झालं? अन्वरनं माझ्याकडं बघितलं. मला माहीत नव्हतं, तो जुज मला मिळालाच नव्हता. मी मान हलवली. पोरगं पण हुशार! छाती पुढं काढून म्हणाला, तो सगळं सोडून गावी गेला, शेती केली आणि सुखानं मेला. सरांनाही माहीत नसावं, त्यांनीच पहिली टाळी वाजवली. तो नट एका बंद पडलेल्या थेटराच्या मागच्या खोलीत एकटा गेला होता, हे मला पुढं किती वर्षांनी वाचायला मिळालं. पण हा मास्तर होणार हे मला त्या टाळ्यांतच कळायला पाहिजे होतं.

अन्वर लातूरला फुफीकडं राहायला गेला. फुफी म्हणजे अब्बांची बहीण. तिचा नवरा डाळमिलमध्ये होता, घर मिलच्या भिंतीला लागूनच. मी नांदेडात सुईदोऱ्याला परत. अकरावीचं बघू पुढच्या वर्षी, असं ठरलं, म्हणजे काहीच ठरलं नाही. असे दोन-अडीच महिने गेले आणि गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली. आमच्याकडं फळीवरची पुस्तकं खाली आली, शिकंजा आपोआप खडखडला, बास एवढंच. मग रेडिओवर किल्लारीकडचं कळायला लागलं आणि अम्मीनं जमिनीवर बसून आक्रोश मांडला. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही, खळीचीसुद्धा. संध्याकाळी अन्वर एका ट्रकमधून आला, उलटा शर्ट, एका पायात चप्पल. अम्मीनं त्याला दारातच थांबवून त्याच्यावरून कोंबडी ओवाळून सदका उतरवला. फुफीच्या भिंतीला भेग पडली होती, माणसं धड होती. पण त्याच्या क्लासातली दोन पोरं सुट्टीला त्याच गावांकडं गेली होती, ती परत येणार नव्हती. अन्वर आठ दिवस नीट जेवला नाही. त्याचं भिणं खोटं नव्हतं, हे मला मान्य आहे. रात्री तो माझा पदर धरून झोपायचा, सोळा वर्षांचा घोडा.

पंधरवडा झाला नसेल तोच मोठ्या सरांचं कार्ड आलं. क्लास सुरू झालाय, सोमवारपर्यंत मुलगा हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला देण्यात येईल. अन्वर म्हणाला, मी मेलो तरी जाणार नाही. जमीन रोज थोडी थोडी हलत होती, पेपरात रोज त्याच बातम्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता अम्मीनंच तोड काढली. ते वाक्य तसंच देते. “जमीन ठंडी हुए तक वो नै जाता. तब तक तू जाके बैठ उसकी जगा पे, शमीम.” अब्बा म्हणाले, तिथं हिला काही झालं तर? अम्मी भाकर परतत म्हणाली, “अल्ला है ना.”

म्हणजे अन्वरला अल्ला पुरेसा नव्हता, मला होता. हे गणित तेव्हाच माझ्या लक्षात आलं. कुणालाही रडू आलं असतं. मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. इतका, की भाकरी व्हायच्या आत मी माझे कपडे पिशवीत भरले. मी गेले.

मोठे सर तयार झाले. त्यांना बाक भरलेलं असल्याशी मतलब. हजेरीत नाव अन्वरचंच राहील, पोरीनं तेवढ्यापुरतं बसावं, म्हणाले. जागेचा नंबर एकोणीस, बाकाच्या कडेला पांढऱ्या रंगानं लिहिलेला. क्लास पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये होता, आणि हजेरीला ‘एकोणीस’ म्हटलं की मी ‘हजर’ म्हणायचे. मला ते आवडायचं, एकोणीस तरी माझा होता. शेडमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. पहिले दोन दिवस त्यांचे नंबर आले की सर क्षणभर थांबायचे. तिसऱ्या दिवशी तिथं नवी पोरं बसलेली होती. बाहेर यादीत नाव लावून उभी असलेली खूप होती, लातूर तेव्हा भरतच होतं, एका बाजूनं सरणं आणि एका बाजूनं ट्रंका. फुफीकडं आम्ही सगळे अंगणात ताडपत्रीखाली राहायचो. डाळमिल सुरू झाली की तुरीच्या टरफलांचा भुगा उडायचा, भाकरीवर, वहीवर, पापण्यांवर. मी अन्वरच्या वह्यांत अभ्यास करायचे. त्यानं अडीच महिन्यांत प्रत्येक वहीची फक्त पहिली चार पानं भरली होती. बाकीची पानं मी भरली. आणि शिकवणं म्हणजे कसं, पहिल्या धड्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. जन्मात पहिल्यांदा मला जुज क्रमानं मिळत होते.

आता जे लिहायचंय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. जमीन थंड झाली की मला परत जावं लागणार होतं. म्हणून मी रोज दुवा मागायचे की अजून हलू दे. थोडीशी. कुणी मरायला नको, पण पेपरात येईल एवढी. मिलच्या फाटकासमोरून मदतीचे ट्रक किल्लारीकडं जायचे, वर कपड्यांचे गठ्ठे आणि भाकरींची पोती, आणि मी फुफीच्या अंगणात हात उचलून हे मागत होते. एकदा रसायनशास्त्राच्या तासाला खरंच धक्का बसला. पत्रे कडाडले, बाकं सरकली, सगळा वर्ग किंचाळत बाहेर. मी उठले नाही. मला वाटलं, उठले तर परत बसता येणार नाही. मोकळ्या शेडमध्ये एकटी, बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, हलू दे, हलू दे. मोठे सर दारातून ओरडत होते, “एकोणीस, बाहेर हो! मरायचंय का?” त्या दुव्याची लाज मी आजही बाळगून आहे. बाकी कुणाला कसली लाज वाटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दोन महिन्यांनी चाचणी झाली. दीडशे पोरांत एकोणीस नंबरचा दुसरा क्रमांक आला. यादी भिंतीवर लागली, तिच्यात अर्थात अन्वरचं नाव, वडिलांच्या नावासकट. क्लासनं पेपरात जाहिरात दिली, भूकंपातही न डगमगलेले आमचे गुणवंत म्हणून. त्यात अन्वरचा फोटो, प्रवेशाच्या वेळी दिलेला. त्या दिवशी अन्वर नांदेडात पतंगाला मांजा लावत होता. अम्मीनं गल्लीत जिलेबी वाटली. हे मला अब्बांच्या पत्रातून कळलं. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, आता जमीन शांत आहे असं सगळे म्हणतात, तरी अन्वर येत्या शुक्रवारी येईल, तू तयार राहा.

तो आला तेव्हा नवा स्वेटर घालून आला, सोबत अब्बा. चाचणीतल्या नंबरामुळं त्याचं भिणंच गेलं होतं जणू. मी त्याला अब्बांसमोर म्हणाले, अन्वर, नंबर माझा आहे हे सरांना माहीतच आहे, तू म्हणालास तर कदाचित दोघांनाही ठेवून घेतील. तो म्हणाला, “आपा, वह्या इथंच ठेव, लागतील.” वह्या ठेवल्या. परतीच्या एसटीला गर्दी होती. अब्बांनी नेहमीसारखा खिडकीतून रुमाल टाकला. आत गेलो तर एका माणसानं तो उचलून बाजूला ठेवलेला आणि आपण बसलेला. अब्बा त्याच्याशी भांडले. मी त्या रुमालाकडं बघत होते. धरलेल्या जागेवर रुमाल कधी बसून जात नाही, माणूस आला की त्याला उचलतात, झटकतात आणि खिशात घालतात. पुढं वर्षभर मी अब्बांशी कामापुरतंच बोलले.

पुढचं थोडक्यात सांगते, ते सांगण्यासारखंही नाही. अन्वर डॉक्टर झाला नाही, इंजिनिअर झाला नाही. माझ्या वह्या संपल्यावर त्याचा नंबरही संपला. पण लातुरात क्लास काढायला नंबर लागत नाही, कथा लागते, आणि ती त्याच्याकडं होती. गरीब जिल्दसाजाचा पोरगा, सुटी पानं वाचून शहाणा झालेला, भूकंपात बाक न सोडलेला. हो, तेही त्यानं घेतलं. मोठ्या सरांनीच कधीतरी त्याला माझी ती गोष्ट सांगितली असणार. दर वर्षी नव्या पोरांसमोर तो ही कथा सांगतो आणि पोरांचे आईबाप डोळे पुसतात. ती लाल वही क्लासच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात असते, पाठीवर सोन्यानं त्याचं नाव. माझं लग्न लोह्याला झालं. नवरा शिंपी, भला माणूस, लवकर गेला. मी नांदेडला परत आले. अब्बांचे डोळे तोवर पुरते गेले होते. दुकान मी चालवायला लागले, ते आजतागायत. आता कॉलेजच्या पोरांचे प्रकल्प बांधते. शेवटच्या दिवसात अब्बा दुकानात बसून पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवायचे. एकदा म्हणाले, “शमीम, त्या वहीवर चूक झाली.” मी खळ ढवळत होते. मी म्हणाले, हो, झाली.

गेल्या वर्षी क्लासला पंचवीस वर्षं झाली. कार्यक्रमाच्या आधी अन्वरनं ती वही माझ्याकडं पाठवली. रेक्झिनचे पापुद्रे निघाले होते, पाठ तुटून लोंबत होती. सोबत चिठ्ठी. आपा, तुझ्याच हातचं काम पाहिजे, पैशाचं बघू नको, आणि नाव ठळक मार. मी वही सोडवली. जुज वेगळे केले, घड्यांना पट्ट्या लावल्या. सगळी कोडी पुन्हा एकदा वाचली, सगळी नावं जिथल्या तिथं, माझ्या सतरा वर्षांच्या अक्षरात. मग अब्बांच्याच पद्धतीनं शिवली, लाल रेक्झिन चढवलं, पाठ गोल केली. खिळ्यांचा खण उघडला. अन्वरच्या नावाचे खिळे काढून बघितले, माझ्या नावाचेही काढून बघितले. दोन्ही परत ठेवले आणि पाठ कोरी ठेवून वही पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. “आपा, काम नंबरी झालंय. पण पाठीवर नाव टाकायचं राहून गेलं.”

“राहून गेलं न्हाई,” मी म्हणाले. “जागा धरून ठेवलीय. ज्याचं हाय त्याचं घाल.”

तो म्हणाला, परवा कार्यक्रम आहे, आपा, मस्करी नको. मी फोन ठेवला. कार्यक्रमाला मी गेले नाही. फुफीची सून गेली होती, तिनं येऊन सगळं सांगितलं. मंडप मोठा होता, जेवण चांगलं होतं, अन्वरनं भाषणात तीच कथा सांगितली आणि लोक रडले. वही कुठं दिसली का, मी विचारलं. दिसली की, म्हणाली, तिथंच काचेच्या कपाटात आहे. फक्त या वेळी पाठ भिंतीकडं करून ठेवलीय.